समोरचा माणूस ओळखून ईमेल कसा लिहावा: नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी

दोन तास खपून तुम्ही अहवाल तयार करता, सोबत पाच-सहा ओळींचा नीटस ईमेल लिहिता, आणि तिकडून उत्तर येतं: "मिळालं." आभार नाहीत, "छान झालंय" नाही, एखादी दुरुस्तीही नाही. नोकरीत नवा असलेला माणूस मग दिवसभर तो एक शब्द मनात घोळवत बसतो. साहेब नाराज आहेत का? काही राहिलं का? पुन्हा विचारावं का?

बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं. तो माणूस सगळ्यांनाच तसं लिहितो. त्याच्या लेखी "मिळालं" हे पूर्ण उत्तर आहे: काम पोचलं, तुम्ही मोकळे. ईमेल वाचताना जो सूर आपल्याला जाणवतो, त्यातला बराचसा भाग लिहिणाऱ्याच्या स्वभावाचा आणि सवयीचा असतो. आपल्याबद्दलच्या मताचा त्यात फारसा संबंध नसतो. हे कळलं की उगाच मनाला लावून घेणं कमी होतं. त्याहून मोठा फायदा असा की आपला ईमेल समोरच्याला कसा वाचायला आवडेल, याचा विचार आपण करू लागतो. नवखे लोक ईमेल लिहितात ते जणू स्वतःलाच पाठवायचा आहे असे. आपल्याला सविस्तर आवडतं म्हणून सविस्तर, आपल्याला थोडक्यात आवडतं म्हणून थोडक्यात. ही सवय मोडायची कशी, ते पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी: स्वतःचं "सेंट" फोल्डर उघडा

दुसऱ्यांचे स्वभाव ओळखायला निघण्याआधी स्वतःचा ओळखा. त्यासाठी चाचणी देण्याची गरज नाही. चाचणीत माणूस आपण कसे असावं असं वाटतं तशी उत्तरं देऊ शकतो. पाठवून झालेल्या ईमेलमध्ये ती सोय नसते. तुम्ही अलीकडे पाठवलेले पंधरा-वीस ईमेल एका बैठकीत वाचून काढा आणि या गोष्टी पाहा.

तुम्हाला जे हवं आहे ते कितव्या ओळीत येतं? पहिल्या की शेवटच्या? "माफ करा", "त्रास देतोय", "छोटीशी शंका होती" असे शब्द किती वेळा आले आहेत? तारखा आणि आकडे ठळक दिसतात की "लवकरात लवकर", "बरंचसं काम" अशी मोघम भाषा आहे? समोरच्याची विचारपूस आहे का? उद्गारचिन्हांची गर्दी आहे का? आणि शेवटचं, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं: तुमचा ईमेल वाचून झाल्यावर समोरच्याने नेमकं काय करायचं, हे परक्या माणसाला कळेल का?

हे करताना स्वतःला नावं ठेवू नका. लांबलचक लिहिणं हा दोष नाही, तुटक लिहिणं हाही नाही. आपला कल कुठे आहे ते कळलं पाहिजे, एवढंच.

दुसरी पायरी: चार ढोबळ शैली समजून घ्या

कामाच्या ठिकाणी स्वभावाच्या चार शैली सांगण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टन यांनी १९२८ मध्ये माणसाच्या वागण्याचे चार प्रकार मांडले. आज "डिस्क" या नावाने ज्या चाचण्या घेतल्या जातात त्यांचं मूळ तिथे आहे; चाचण्या मात्र पुढे इतरांनी तयार केल्या. नंतर डेव्हिड मेरिल आणि रॉजर रीड यांनी त्याहून सोपी मांडणी केली, आणि ईमेलसाठी मला ती जास्त उपयोगी वाटते. त्यात दोनच प्रश्न आहेत: माणूस आपलं म्हणणं किती ठामपणे पुढे मांडतो, आणि आपल्या भावना किती उघड दाखवतो. या दोन्हींच्या जोड्या लावल्या की चार शैली निघतात.

ठाम, पण भावना न दाखवणारा तो थेट माणूस. त्याला निष्कर्ष आधी हवा असतो. त्याचे ईमेल एक-दोन ओळींचे, अनेकदा "नमस्कार"सुद्धा नसलेले. ठाम आणि भावनाही उघड दाखवणारा तो उत्साही. तो कल्पना सांगतो, विषयावरून विषयावर जातो, उत्तर चटकन देतो आणि कधी कधी दिलेलं उत्तर विसरतोही. भावना दाखवणारा पण स्वतःचं म्हणणं पुढे न रेटणारा तो सांभाळून घेणारा. त्याच्या ईमेलमध्ये विचारपूस असते, "सगळ्यांना सोयीचं असेल तर" असतं, आणि नकार जवळजवळ कधीच नसतो. दोन्ही बाबतींत हात राखून असलेला तो काटेकोर. त्याला आकडे, कागद, आधीचा संदर्भ हवा असतो. तो उशिरा उत्तर देतो, पण त्याच्या उत्तरात तुमच्या चारही प्रश्नांना क्रमवार उत्तरं असतात.

आता या चौकटींचा भरवसा किती धरायचा? थोडाच. कार्ल युंग यांच्या १९२१ च्या सिद्धांतावरून कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांच्या कन्या इझाबेल मायर्स यांनी १९४० च्या दशकात सोळा प्रकारांची चाचणी तयार केली. ती जगभर वापरली जाते. पण तिच्यावरचा ठळक आक्षेप असा, की काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच लोकांचा प्रकार बदललेला निघतो. मानसशास्त्रातल्या संशोधनात आज पाच गुणांची मांडणी जास्त मानली जाते: नव्याची ओढ, कामसू शिस्त, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि भावनिक अस्थिरता. तिच्यात माणसाला कप्प्यात टाकत नाहीत. प्रत्येक गुण कमी-अधिक प्रमाणात मोजतात. खरी माणसं तशीच असतात. एखादी व्यक्ती पैशाच्या विषयावर काटेकोर आणि माणसांच्या विषयावर सांभाळून घेणारी असू शकते. त्यामुळे चार शैली हा पहिला अंदाज समजा. पुढचा ईमेल लिहायला तो पुरतो. कुणाबद्दल कायमचं मत बनवायला तो पुरत नाही.

तिसरी पायरी: माणूस परत परत काय विचारतो ते पाहा

समोरच्याची शैली ओळखायला त्याच्या ईमेलची लांबी मोजणं ही सगळ्यात फसवी रीत आहे. प्रवासात फोनवरून लिहिणारा काटेकोर माणूसही दोन शब्दांत उत्तर देतो. वरच्या पदावरच्या माणसाला दिवसाला इतके ईमेल येतात की त्याला थोडक्यातच लिहावं लागतं. जो आपली मातृभाषा नसलेल्या भाषेत लिहितो तो अनेकदा तुटक किंवा फार औपचारिक वाटतो, आणि त्याचा स्वभावाशी काही संबंध नसतो.

मी ज्यांच्या हाताखाली काम शिकलो त्या वरिष्ठांचे ईमेल वाचून कुणालाही वाटलं असतं की हा माणूस फार कोरडा आहे. "ओके." "उद्या." "नको." पण विभागातल्या कुणाच्या घरी आजारपण आलं की त्यांचा फोन सगळ्यांच्या आधी जायचा, आणि त्या माणसाचं काम न सांगता दुसऱ्याकडे गेलेलं असायचं. ईमेल त्यांच्यासाठी फक्त निरोपाचं साधन होतं. माया दाखवायची जागा वेगळी होती.

म्हणून लांबी सोडा आणि प्रश्न पाहा. तुमच्या ईमेलवर हा माणूस परत परत कोणता प्रश्न विचारतो? "कधी मिळेल?" हाच प्रश्न असेल तर तो थेट शैलीचा. "हे आकडे कुठून घेतले?" किंवा "मागच्या वेळी वेगळं होतं ना?" असेल तर काटेकोर. "बाकीच्यांना विचारलंत का?" असेल तर सांभाळून घेणारा. "असं केलं तर?" म्हणत नवीनच दिशा सुचवत असेल तर उत्साही. जो प्रश्न तो विचारतो, त्याचं उत्तर पुढच्या वेळी न विचारता वरच द्या. स्वभाव ओळखल्याचा खरा उपयोग एवढाच आणि तो फार मोठा आहे.

आणखी एक. तो माणूस फक्त तुम्हाला कसं लिहितो यावर जाऊ नका. ज्या ईमेलमध्ये तुम्ही सीसीमध्ये आहात, म्हणजे फक्त माहितीसाठी तुम्हाला प्रत आली आहे, तिथे तो इतरांना कसं लिहितो ते वाचा. सगळ्यांना तसंच लिहीत असेल तर ती त्याची रीत. फक्त तुमच्याशीच सूर बदलला असेल, तर मात्र प्रत्यक्ष जाऊन विचारण्यासारखं काहीतरी आहे.

चौथी पायरी: एकच गोष्ट, वेगळ्या वाचकांसाठी

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. तिमाही अहवाल शुक्रवारी द्यायचा आहे. लेखा विभागाचे आकडे आलेले नाहीत. अहवाल सोमवारी होईल. नवखा माणूस साधारण असं लिहितो:

"नमस्कार मॅडम, आपल्याला त्रास देतोय त्याबद्दल क्षमस्व. आपण सांगितल्याप्रमाणे मागच्या आठवड्यात अहवालाचं काम सुरू केलं होतं. पहिले दोन भाग झाले आहेत. तिसऱ्या भागासाठी लेखा विभागाकडून आकडे हवे होते, त्यासाठी मंगळवारी त्यांना ईमेल केला होता, नंतर फोनही केला. त्यांच्याकडे महिनाअखेरीचं काम चालू असल्यामुळे थोडा उशीर होतोय. तरी शुक्रवारपर्यंत अहवाल पूर्ण होणं जरा कठीण वाटतंय. आपण सांगाल तसं करतो."

यात खोटं काही नाही, उद्धट काही नाही. तरीही हा ईमेल वाचणाऱ्याला अडचणीत टाकतो. "जरा कठीण वाटतंय" म्हणजे होणार की नाही? नाही, तर मग कधी? "आपण सांगाल तसं करतो" हे ऐकायला नम्र आहे, पण त्यात सगळा निर्णय मॅडमवर ढकलला आहे आणि त्यांच्यासमोर पर्याय एकही ठेवलेला नाही. मुख्य बातमी पाच वाक्यं ओलांडल्यावर येते. थेट शैलीचा माणूस तिथपर्यंत पोचणारच नाही.

मॅडम थेट शैलीच्या असतील तर विषयओळीतच सांगा: "तिमाही अहवाल: शुक्रवारऐवजी सोमवारी, आपली संमती हवी". मग मजकूर:

"मॅडम, अहवाल शुक्रवारी पूर्ण होणार नाही, सोमवारी दुपारी १२ पर्यंत देतो. लेखा विभागाचे आकडे शुक्रवारी संध्याकाळी येणार आहेत. शुक्रवारीच हवा असेल तर पहिले दोन भाग तयार आहेत, ते पाठवू शकतो. काय करू?"

त्या काटेकोर असतील तर वरच्या ओळी जशाच्या तशा ठेवा आणि खाली तपशील जोडा: कोणते आकडे अडले आहेत, ते कधी मागितले, कधी मिळतील असं लेखा विभागाने कळवलं आहे, तयार असलेल्या भागातली तपासणी कुठवर झाली आहे, आणि शुक्रवारीही आकडे आले नाहीत तर तुम्ही काय करणार आहात. हा शेवटचा मुद्दा काटेकोर माणसाच्या मनात सगळ्यात आधी येतो आणि नवखे तोच विसरतात. लेखा विभागाचं उत्तर खाली जोडलंत तर तुमच्या शब्दाला कागदाचा आधार मिळतो.

सांभाळून घेणाऱ्या वरिष्ठांना लिहिताना खरी काळजी वेगळी असते. तुम्ही काहीही विचारलं तरी त्या "चालेल" म्हणण्याची शक्यता जास्त. सोमवारी सकाळी त्यांची स्वतःची बैठक असेल, तरी त्या सांगणार नाहीत आणि रात्री जागून तयारी करतील. म्हणून "चालेल ना?" असं विचारू नका. उत्तरात "नाही" म्हणणं सोपं जाईल असा प्रश्न करा: "सोमवारच्या बैठकीसाठी यातला कोणता भाग आपल्याला आधी लागणार आहे का? लागत असेल तर तो शुक्रवारीच देतो." शिवाय लेखा विभागातल्या लोकांवर कामाचा ताण आहे आणि त्यांनी शुक्रवारचा शब्द दिला आहे, हेही एका वाक्यात लिहा. कुणावर खापर फोडलं जात नाहीये, हे वाचून त्यांना बरं वाटतं.

उत्साही वरिष्ठ असतील तर आधी दोन मिनिटं बोला, मग लिहा: "आत्ता बोललो त्याप्रमाणे अहवाल सोमवारी दुपारी १२ पर्यंत देतो." बोलणं त्यांना आवडतं म्हणून, आणि लिहिणं तारखेची नोंद राहावी म्हणून.

चारही मजकुरांत वस्तुस्थिती एकच आहे, हे लक्षात घ्या. बदलला तो क्रम, तपशिलाचं प्रमाण आणि प्रश्न विचारण्याची रीत. समोरच्याला आवडेल ते सांगायचं आणि न आवडणारं गाळायचं, असा याचा अर्थ अजिबात नाही. तारीख चुकणार असेल तर ती चारही जणांना तितक्याच स्पष्टपणे कळली पाहिजे.

वाचणारा कसा आहे हे माहीतच नसेल तर? तेव्हा वरचा भाग थेट माणसासाठी लिहा आणि खालचा काटेकोर माणसासाठी. पहिल्या दोन ओळींत बातमी आणि मागणी. मग एक ओळ मोकळी सोडून "तपशील" असा मथळा आणि त्याखाली बाकी सगळं. ज्याला घाई आहे तो वरच थांबतो, ज्याला खोलात जायचं आहे तो खाली उतरतो. पहिले काही महिने सगळेच ईमेल असे लिहिले तरी बिघडत नाही.

पाचवी पायरी: सूर तपासा, कारण तो पोचत नाही

आपण लिहिताना मनात आवाज ऐकत असतो. वाचणाऱ्याला तो आवाज ऐकू येत नाही. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये याच विषयावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने म्हणून पाठवायची, आणि समोरच्याने कोणतं कसं ते ओळखायचं. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की सुमारे ७८ टक्के वेळा ओळखलं जाईल. आवाज ऐकवला तेव्हा अंदाज बराचसा खरा ठरला. ईमेलवर मात्र प्रमाण ५६ टक्क्यांच्या आसपास आलं, म्हणजे नाणं उडवून सांगण्यापेक्षा फार वेगळं नाही. तेव्हा कामाच्या ईमेलमध्ये उपरोध नको, अगदी मैत्रीतलाही नको.

क्रिस्टिन बायरन यांनी २००८ मध्ये याच्या पुढची गोष्ट मांडली: ईमेलमधला आनंद वाचणाऱ्यापर्यंत पोचताना फिका पडतो, आणि साधा मजकूर असला तर तो नाराजीचा वाटू शकतो. सुरुवातीच्या "मिळालं"चं कोडं इथे उलगडतं. तो शब्द कोरा होता, नाराजी आपण भरली.

यावरून दोन सवयी लावून घ्या. कौतुक करायचं असेल तर ते नाव घेऊन, नेमकं करा: "तक्त्यातली चूक तुम्ही वेळेवर पकडलीत, त्यामुळे बैठकीत अडचण आली नाही." नुसतं "ठीक आहे" लिहिलंत तर सांभाळून घेणारा माणूस ते नापसंती म्हणून वाचेल. आणि जी वाक्यं टोमण्यासारखी वाचली जातात ती काढून टाका. "आधीच कळवलं होतं", "पुन्हा एकदा सांगतो", "वर स्पष्ट लिहिलं आहे", "कृपया नीट वाचावे" ही त्यातली नेहमीची. त्याऐवजी ती माहितीच पुन्हा लिहा. "बैठक ३ वाजता आहे" एवढं पुरतं. हे आधी सांगितलं होतं की नाही याचा हिशेब नको.

कार्यालयीन भाषेतलं "करण्यात यावे" हेही टाळा. पाच जणांना "अहवाल पाठवण्यात यावा" असं लिहिलं की प्रत्येकाला वाटतं, हे दुसऱ्या कुणासाठी आहे. थेट माणूस त्याकडे दुर्लक्ष करतो, काटेकोर माणूस "कोणी?" असं विचारत उलट ईमेल करतो, आणि सांभाळून घेणारा दुसऱ्याचंही काम अंगावर घेतो. करणाऱ्याचं नाव लिहा.

माफी मागण्याबद्दल. "त्रास देतोय", "माफ करा", "वेळ मिळाल्यास" हे तिन्ही एकाच ईमेलमध्ये असतील तर दोन काढा. कामाचा प्रश्न विचारणं हा त्रास नसतो. खरी चूक झाली तेव्हा माफी मागायची असते, आणि रोज मागणाऱ्याच्या माफीला त्या दिवशी वजन राहत नाही. मात्र सगळंच सौजन्य छाटून टाकू नका. "नमस्कार", "धन्यवाद" आणि योग्य ठिकाणी "आपण" यांना काही खर्च येत नाही.

हसरे चेहरे वापरावेत का? १९८२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फाहलमन यांनी हसऱ्या चेहऱ्याची खूण सुचवली ती गंमत गंमत म्हणूनच वाचली जावी यासाठी. गरज आजही तीच आहे. पण वरिष्ठांना किंवा बाहेरच्यांना लिहिताना सुरुवात तुमच्याकडून नको. समोरचा वापरू लागला की तुम्हीही वापरा.

सहावी पायरी: सीसी आणि सगळ्यांना जाणारे ईमेल

तुमच्या सहकाऱ्याला पाठवलेल्या ईमेलमध्ये साहेबांना सीसीमध्ये टाकलंत. काटेकोर माणसाला त्यात नोंद दिसते. थेट माणसाचं तिकडे लक्षही जात नाही. सांभाळून घेणाऱ्याला मात्र तक्रार झाली असं वाटतं आणि तो पुढचे काही दिवस तुमच्याशी जपून बोलतो. एक वाक्य हे सगळं टाळतं: "साहेबांनी माहिती मागितली होती म्हणून त्यांना सीसीमध्ये ठेवलं आहे." असं कारण लिहिता येत नसेल, तर सीसी कशासाठी टाकतो आहोत याचा आधी विचार करा. बीसीसीमध्ये, म्हणजे बाकीच्यांना नाव दिसणार नाही अशा प्रतीवर, कुणाला लपवून ठेवू नका. त्या माणसाने चुकून "रिप्लाय ऑल" दाबलं की विश्वास गेला, आणि तो कुठलाही ईमेल परत आणत नाही.

गटाला जाणाऱ्या ईमेलमध्ये सगळ्या स्वभावांचे वाचक एकदम असतात. आधी ठरलेला निर्णय, मग प्रत्येकाचं नाव, काम आणि तारीख, शेवटी पार्श्वभूमी. आणि "कुणाची हरकत नसेल तर पुढे जातो" यावर विसंबू नका. सांभाळून घेणाऱ्यांची हरकत असते, फक्त ती सगळ्यांसमोर लिहिली जात नाही. त्यांना वेगळं विचारा.

सातवी पायरी: उत्तराची वेळ

रात्री अकरा वाजता वरिष्ठांचा ईमेल आला म्हणून नवखा माणूस उठून उत्तर लिहायला बसतो. बहुतेकदा वरिष्ठांनी तो डोक्यातून उतरवण्यासाठी पाठवलेला असतो. लॉरा जुर्गे आणि व्हनेसा बोन्स यांनी २०२१ मध्ये नेमकं हेच दाखवलं: कामाच्या वेळेबाहेर आलेल्या, घाईच्या नसलेल्या ईमेललाही उत्तर किती लवकर अपेक्षित आहे, याचा अंदाज वाचणारे वाढवून करतात. त्यांनी सुचवलेला उपायही सोपा आहे. पाठवणाऱ्याने लिहावं: "घाई नाही, उद्या पाहिलंत तरी चालेल." तुम्ही स्वतः अवेळी लिहीत असाल तर हे वाक्य टाका, किंवा ईमेल सकाळी जाईल अशी वेळ लावून ठेवा.

आठवण करून देतानाही स्वभाव पाहा. थेट माणसाला एक ओळ: "मंजुरी आज ५ पर्यंत मिळाली तर उद्या काम सुरू होईल." काटेकोर माणूस गप्प असेल तर त्याला काहीतरी कमी पडतंय असं समजा आणि विचारा: "निर्णयासाठी आणखी कोणती माहिती देऊ?" नुसतं "आठवण करून देतोय" म्हटल्याने त्याचं अडलेलं सुटत नाही.

आठवी पायरी: ईमेल कधी सोडायचा

एकाच मुद्द्यावर दोन वेळा उलटसुलट उत्तरं झाली आणि गुंता वाढला, की तिसरा ईमेल लिहू नका. फोन करा किंवा जाऊन भेटा. ज्या विषयाचे अनेक अर्थ निघू शकतात त्याला समोरासमोरचं बोलणं लागतं, आणि ठरलेली, स्पष्ट माहिती कळवायला लेखी मजकूर पुरतो, हे रिचर्ड डॅफ्ट आणि रॉबर्ट लेंगेल यांनी १९८६ मध्ये, ईमेल घरोघरी पोचण्याच्या आधीच मांडलं होतं. वाईट बातमी, कुणाच्या कामावरची टीका, पगार-बढतीचा विषय आणि दोघांमधलं भांडण या गोष्टी बोलूनच व्हाव्यात. बोलणं झाल्यावर काय ठरलं ते तीन ओळींत ईमेलने कळवा. काटेकोर माणसाला ती नोंद हवी असते, उत्साही माणसाला ती लागते.

आणि अंदाज बांधण्यापेक्षा सोपा मार्ग नेहमी खुला असतो: विचारणं. नवीन वरिष्ठांसोबत पहिल्या आठवड्यात सरळ विचारा, "आपल्याला थोडक्यात कळवलेलं आवडेल की तपशिलासकट? तातडीचं असेल तर फोन केला तर चालेल का?" नव्या माणसाने हे विचारलं तर कुणालाही वावगं वाटत नाही, उलट बरं वाटतं. सहा महिन्यांनी हाच प्रश्न विचारणं अवघड जातं.

मिळालेली उत्तरं स्वतःपुरती टिपून ठेवा, पण टिपताना माणसाला नाव देऊ नका. "रागीट", "किचकट", "गोड बोलणारा" असं लिहिलंत की पुढे तेच दिसत राहील. वागणं लिहा: "आकड्यांचा स्रोत विचारतात", "दुपारनंतर उत्तर देतात", "गटात बोलत नाहीत, वेगळं विचारलं की सांगतात". माणसाचं पद बदललं, काम बदललं, घरी काही घडलं की लिहिण्याची रीतही बदलते, तेव्हा दर तीन-चार महिन्यांनी ही टिपणं उघडून ताज्या ईमेलशी ताडून पाहा आणि जे जुळत नाही ते खोडून टाका.